उठून गेलेल्यांची मोजदाद

बाईंच्या शोकसभेला दोनशे सात माणसं आली होती. त्यांतली एकोणसत्तर सभा संपण्याआधी उठून गेली. मला कोणी मोजायला सांगितलं नव्हतं. पण अकरा वर्षांची सवय, आणि सातव्या वक्त्याने 'कलेच्या निस्सीम उपासक' असं म्हटल्यावर दुसरं करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. तीन माणसांमागे एक उठला हे बाईंना कळतं, तर त्यांनी सभा तिथेच थांबवली असती आणि म्हणाल्या असत्या, "बास झालं. आता जेवून जा."

उपासक वगैरे त्या नव्हत्या. त्या आंब्याचा रस डब्यांत भरून विकत. सुरुवात आंबापोळीपासून केली होती. गावच्या कातळावर स्टीलची ताटं मांडून पोळ्या वाळवायच्या आणि एसटीने रत्नागिरीत आणून विकायच्या. शाळा नववीत सुटली. लग्न केलं नाही, त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणत, "सीझनमध्ये सवड नव्हती, आणि सीझन संपल्यावर कोणी विचारलं नाही." मी त्यांच्या कारखान्यात आलो तेव्हा दोन बॉयलर होते, परदेशी माल जात होता, आणि बाई पायांत गमबूट नि डोक्याला पांढरी जाळीची टोपी घालून दिवसभर फिरत होत्या. याच वेषात त्या कार्यक्रमालाही येत. एकदा मुंबईहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी त्यांना चहा आणायला सांगितला. बाईंनी आणून दिला. मग माइकवर जाऊन स्वागताचं भाषण केलं.

मी प्रयोगशाळेत. रसाची गोडी मोजायची, आंबटपणा मोजायचा, डब्याचं झाकण नीट बसलंय का ते पाहायचं. बाई माणसांना नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. बॉयलर, पॅकिंग, गेट. मी लॅब. "अहो लॅब, इकडे या." माझ्या घरी सत्यनारायणाला आल्या तेव्हा बायकोला म्हणाल्या, "प्रसाद छान झालाय हो, लॅबच्या मिसेस." बायको अजून हे विसरलेली नाही.

कारखान्याच्या मागे रिकाम्या डब्यांचं गोदाम होतं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ते मोकळं असे. बाईंनी तिथे एका टोकाला लाकडी मंच बांधला, एकशेऐंशी खुर्च्या आणल्या, आणि पत्र्याखाली आवाज घुमतो म्हणून छताला गोणपाटं टांगली. गोणपाटं आंब्याचीच, त्यामुळे पौषातसुद्धा तिथे मे महिन्याचा वास येई. मंचावर संस्थेचं नाव नव्हतं, बाईंचा फोटो नव्हता. लोक त्या जागेला डबा म्हणत. "रविवारी डब्यात काय आहे?" असं आमच्याकडे गाण्याबद्दल विचारलं जाई.

कार्यक्रम रविवारी दुपारी साडेतीनला. ही वेळ ज्याने ऐकली तो हसला. रविवारी दुपारी रत्नागिरीत माणूस माशांचं जेवून आडवा झालेला असतो, आणि पाच वाजेपर्यंत त्याला यमदूतसुद्धा उठवत नाहीत. बाईंचं म्हणणं साधं होतं. "संध्याकाळी कोणीही येतो. घरात करायला काय नसतं म्हणून येतो. झोप टाकून आला, तो ऐकायला आला."

आलेल्यांतले पुष्कळ खुर्चीत झोपत ते वेगळं. त्याबद्दल नियम होता: झोपलेला माणूस बसलेलाच धरायचा.

नियम बरेच होते, आणि त्यांची अंमलबजावणी माझ्याकडे होती. पहिल्याच वर्षी बाईंनी मला बोलावून सांगितलं, "लॅब, तुम्ही दाराशी बसायचं. किती आले ते मोजायचं आणि संपायच्या आधी किती उठले ते मोजायचं. कोण उठला, किती वाजता उठला, तेव्हा मंचावर काय चाललं होतं, ते लिहायचं."

मी म्हटलं, "आणि टाळ्या?"

"टाळ्या फुकट असतात. उठून जाणं महाग असतं. बाहेर जाऊन आपली चप्पल शोधावी लागते."

चपला बाहेर काढाव्या लागत, हे खरं. दीडशे जोडांतून आपला जोड शोधायचा म्हणजे माणसाला मनापासून कंटाळा आलेला असला पाहिजे. पाच मिनिटांत परतला तो उठलेला नाही, कारण त्याला लघवीला जायचं असेल. पाचावर गेला की उठलेला. एकूण आलेल्यांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त उठले, तर त्या कलावंताला बाई पुन्हा बोलावत नसत. दहावा हिस्सा का, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "शंभर आंब्यांत दहा डागी निघाले तर मी बागवाल्याला काय बोलत नाही. अकरावा निघाला की बोलते."

स्वतः बाई मंचाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत, पण तोंड लोकांकडे. गवई त्यांच्या पाठीमागे गात असे. पहिल्यांदा येणाऱ्याला हे अपमानाचं वाटे. बाई समजावत, "मला गाण्यातलं काय कळतं? मला माणसाच्या तोंडातलं कळतं." मोजत मात्र त्या नसत. मोजणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, हा कारखान्यातला नियम त्यांनी तिकडेही लावला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस उठला तरी माझ्या कागदावर येईपर्यंत तो त्यांच्या लेखी बसलेलाच असे.

पुण्याचे एक नामवंत गवई आले होते. एकशेसाठ माणसं होती, एक्केचाळीस उठली. कार्यक्रमानंतर बाई शाल घेऊन मंचावर गेल्या, शाल दिली, आणि माइकवर म्हणाल्या, "आज एकशेसाठांतले एक्केचाळीस उठले. आपल्याला परत बोलावणार नाही. पण सोलकढी झालीय, जेवून जा." सभागृहात जे एकशेएकोणीस उरले होते, त्यांना कुठे बघावं कळेना.

गवई जेवायला बसले. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. त्यांनी मला जवळ बोलावलं, कागद मागितला आणि चष्मा लावून वाचला. "हे अकरा जण एकदम? चार वाजून दहा मिनिटांनी?"

"आपण तबलजींशी बोलत होतात तेव्हा," मी म्हटलं. "तीन मिनिटं बोलत होतात."

"तीन?"

"तीन आणि वीस सेकंद."

त्यांनी सोलकढी दोनदा घेतली. जाताना तो कागद त्यांनी मागून नेला. मी नक्कल ठेवली होती, म्हणून दिला.

पैसे बाई कोणाला हातात देत नसत. "काय लागतं?" असं विचारत, आणि उत्तरात त्यांना वस्तू हवी असे. एका कवीने 'प्रोत्साहन' लागतं असं सांगितलं. बाईंनी थोडा विचार करून त्यांना टेबलफॅन पाठवला. उलट शिमग्याच्या आधी एका आतल्या गावचं नमनाचं, म्हणजे कोकणातल्या खेळ्यांचं, मंडळ आलं होतं. सगळी शेतकरी माणसं, निम्मी मुंबईतून रजा काढून आलेली. त्या दिवशी एकही जण उठला नाही. उलट कार्यक्रम सुरू झाल्यावर बॉयलरवरची आणि पॅकिंगची मिळून तेवीस माणसं आत शिरली. माझ्या तक्त्यात 'आत आले' असा रकानाच नव्हता. बाईंनी म्हातारे प्रमुख होते त्यांना विचारलं, "काय लागतं?"

"आमाला काय नको, बाय. फकस्त संकासुराची टोपी फाटल्याली हाय."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. ह्याला म्हणतात मागणं." आठवड्यात संकासुराच्या सोंगासाठी काळं कापड गेलं, एका टोपीचं नव्हे, चार टोप्यांचं. आणि मला नवा रकाना आखायला सांगितला. तो नंतर फारसा भरला नाही.

हे सगळं कशासाठी, असं वर्तमानपत्रवाले विचारत. बाई प्रत्येकाला वेगळं सांगत. मला एकदा जे सांगितलं ते असं: लहानपणी हेदवीला आजोळी असताना देवळासमोर खेळे बघायला बसल्या होत्या. रंगात आलं होतं, आणि मामाने उचलून घरी नेलं. "मला शेवट दाखवलान नाही मेल्याने. त्या राजाचं पुढं काय झालं ते मला अजून ठाऊक नाही." मी म्हटलं, आता कोणालाही विचारता येईल. त्या म्हणाल्या, "विचारून काय? बघायचा होता."

दरवर्षी बाई एका मुलाला किंवा मुलीला बाहेरगावी गुरूंकडे शिकायला पाठवत. तीन वर्षं राहणं, जेवण, शिकवणी, सगळं कारखान्याकडून. याला त्या 'अढीत घालणं' म्हणत. कच्चा आंबा गवतात घालून ठेवतात, तसं. त्यासाठी चाचणी असे: डब्यात एक तास एकट्याने कार्यक्रम करायचा. नियम तोच, दहावा हिस्सा.

माझी मुलगी गाणं शिकत होती. बरी गात होती; यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही, कारण गाणं मोजायचं उपकरण माझ्याकडे नाही. बारावीनंतर तिला पुण्याच्या एका बाईंकडे राहून शिकायचं होतं. ते आमच्या ऐपतीत बसणारं नव्हतं, हे मी दोनदा कागदावर मांडून पाहिलं होतं. जमलं नाही तर फार्मसीला जायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. तिने मला न सांगता बाईंकडे जाऊन अर्ज दिला. मला ते बाईंकडूनच कळलं.

"लॅब, माघातल्या पहिल्या रविवारी तुमची मुलगी आहे."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी मोजायला दुसरं कोणी ठेवा."

"का? तुमचा आकडा बदलेल?"

"नाही."

"मग बसा."

या प्रश्नाला दुसरं काही उत्तर देता आलं असतं का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. 

त्या रविवारी एकशेचाळीस माणसं आली. चौदापर्यंत चालणार होते. पहिल्या वीस मिनिटांत तीन उठले. त्यात माझा मेहुणा, चुलत बहिणीचा नवरा, होता. बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान मागे वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की पुढच्या गणपतीला तो आमच्याकडे आलाच नाही. अर्ध्या तासाला नऊ झाले. मुलीचा आवाज एका जागी अडकला, तिने पाण्याचा घोट घेतला, आणि त्या घोटात आणखी दोन उठले. पंचेचाळीस मिनिटांना चौदा.

आता एक जण उठला की संपलं. तिसऱ्या रांगेत एक वकील होते. ते खुर्चीच्या कडेला सरकले. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग शेजारच्याच्या कानात काही बोलले. मग पुन्हा घड्याळ पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. माझ्या हातात पेन्सिल होती आणि ती पंधरा लिहायला तयार होती. मुलगी गात होती, पण काय गात होती ते मला आज सांगता येणार नाही. मला फक्त वकिलांचे गुडघे दिसत होते. मला बसवेना. मी उठलो आणि बाहेर गेलो.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो, डब्याकडे पाठ करून. परत आलो तेव्हा तिचं शेवटचं चाललं होतं. वकील जागेवरच होते. माझ्या घड्याळाप्रमाणे मी सहा मिनिटं बाहेर होतो.

टाळ्या झाल्या. मी कागद पुरा केला आणि बाईंना नेऊन दिला. मुलगी आणि बायको बाजूला उभ्या होत्या.

बाईंनी वाचला. "एकशेएक्केचाळीसांत पंधरा. शेवटचा कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"खुर्चीवर बसलो होतो. उठलो. सहा मिनिटं झाली. म्हणून आलेल्यांतही एक वाढवलाय. तरी दहाव्या हिश्श्याच्या वर जातं."

मुलगी म्हणाली, "चौदाच लिहायचे ना, बाबा. तुम्ही कुठे ऐकायला आला होतात?"

"पंधरा उठले," मी म्हटलं.

बायको म्हणाली, "यांच्या वडिलांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता, तेव्हासुद्धा हे मिनिटं मोजत होते." हे खरं आहे. सतरा मिनिटं लागली होती.

बाईंनी दोघींचं बोलणं ऐकलंच नाही असं दाखवलं. कागदाकडे बघतच मला विचारलं, "तुम्ही बाहेर होतात तेव्हा दाराशी कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग त्या सहा मिनिटांत किती उठले?"

"कोणी नसावं. मी परत येऊन खुर्च्या मोजल्या. रिकाम्या तितक्याच होत्या."

"एक गेला आणि दुसरा येऊन तिथे बसला असला तर?"

 गेटवरची माणसं मधूनच आत येऊन बसत, हे मला माहीत होतं. त्याचा रकाना मीच आखला होता.

"अहो लॅब, भरलेला डबा सहा मिनिटं झाकणाशिवाय राहिला तर आपण काय करतो?"

"लॉट रद्द करतो."

"मग करा."

मी कागदावर आडवी रेघ मारली. ती वाकडी आली. एरवी माझ्या रेघा सरळ असतात. धीर करून मी विचारलं, "पण तुम्ही समोरच होतात. तुम्हाला दिसलं असेल."

"तुम्ही गेलात ते दिसलं. पुढचं नाही बघितलं. मी तेव्हा गाणं ऐकत होते." एवढं बोलून त्यांनी मुलीकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी परत. तोच तास. मधे पाणी पिऊ नकोस, लोकांना वाटतं मध्यंतर झालं." आणि मग माझ्याकडे, "तुम्ही यायचं नाही. मोजायला गेट बसेल."

गेट म्हणजे आमचे वॉचमन इस्माइलचाचा. वीस वर्षं जहाजावर होते, मग आखातात, मग आमच्या फाटकावर. मोजण्याच्या बाबतीत माणूस चोख. मी त्यांना आठवडाभर नियम समजावले. झोपलेला बसलेला, पाच मिनिटं, आत येणारा वेगळ्या रकान्यात. शुक्रवारी ते म्हणाले, "साहेब, मी बोटीवर माणसं मोजलीत. तिथं एक कमी भरला तर समुद्रात बघायला लागायचं. तुम्ही घरी बसा."

मी घरी बसलो. तो रविवार कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. साडेतीनला आडवा झालो, चारला उठलो, साडेचारला परसातल्या माडांवरचे नारळ मोजले. एकशेबारा होते. सहाला दोघी परत आल्या. मुलगी सरळ आत पाणी प्यायला गेली.

मी बायकोला विचारलं, "किती?"

"बारावीची परीक्षा झाली की तिकीट काढायचं म्हणाल्या. पुण्याचं."

"ते कळलं. किती उठले?"

बायकोने पदराने मान पुसली. "बाईंनी सांगितलंन, आकडा लॅबला सांगायचा नाही."

"पण तुला कळलाच असेल ना?"

"मी पहिल्या रांगेत होते. मागे वळून बघितलं नाही. या खेपेला तुमचा मेहुणा नव्हता, बघायचं कोणाकडे?"

सोमवारी मी फाइल काढली. त्या रविवारचा कागद नव्हता. अकरा वर्षांतला गहाळ असलेला तो एकच कागद. चाचांना विचारलं. म्हणाले, "साहेब, आकडा सांगितला तर बाई मला उद्या रसात घालून पॅक करतील." मुलगी पुण्याला गेल्यावर बाईंना विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, "मुलगी गेली ना?"

"गेली."

"मग झालं."

"पण दहाव्या हिश्श्याच्या आतच होते ना?"

"लॅब, तुम्ही मोजणारे. ठरवणारी मी." आणि बॉयलरकडे निघून गेल्या.

मुलगी तीन वर्षं पुण्यात राहिली. आता तिथेच असते, गाते, शिकवते. तिच्या कार्यक्रमांना मी जातो. बाई गेल्यावर मी चाचांना पुन्हा एकदा विचारलं. आता कोणाचं भय नव्हतं. ते म्हणाले, "आता तर बिलकूल नाय, साहेब. तेव्हा निदान तुम्हाला बाईंकडे जाऊन भांडता आलं असतं."

एक माणूस राहिला होता. मंचावरून दार समोर दिसतं. किती उठले हे गाणाऱ्याइतकं कोणालाच कळत नाही. मागच्या महिन्यात फोनवर मी मुलीला विचारलं. 

"बाबा, मी त्या दिवशी पूर्ण तास डोळे मिटून गात होते."

हे खरं की खोटं, ते मी तपासलेलं नाही.